हद्द कुठपर्यंत धरायची?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर मला बजावलं होतं, "तू काय काम करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग." अट रास्त आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे एवढं तुम्हाला माहीत आहे. त्यापुढे माझ्या आईलासुद्धा विचारलंत, तर ती "कॉम्प्युटरचं काहीतरी करते" असंच सांगेल. म्हणून मी कामातली एकच बारीक गोष्ट निवडली आहे. ती आपल्या भूमितीच्या आणि भूगोलाच्या तासाला जाऊन भिडते. आणि शेवटी मला आपल्या बॅचपुढे एक मागणी ठेवायची आहे, तीही याच गोष्टीतून निघते.

इमारती, यंत्रं, पूल, कारखाने यांची ड्रॉइंग आता कॉम्प्युटरवर काढतात. त्या सॉफ्टवेअरला कॅड म्हणतात. ऑटोकॅड हे नाव तुमच्यापैकी बांधकामातल्या किंवा वर्कशॉपमधल्या मंडळींना ठाऊक असेलच. ते १९८२ मध्ये बाजारात आलं. अशा सॉफ्टवेअरमध्ये माउसचं चाक आपल्याकडे फिरवलं की चित्र लहान होत जातं आणि आजूबाजूचं जास्त दिसू लागतं. याला झूम आउट म्हणतात. मोबाइलवर नकाशा पाहताना दोन बोटं जवळ आणता, तेच हे. मी ज्या टीममध्ये काम करते, ती हे चाक फिरल्यावर पडद्यावर काय दिसावं ते ठरवते. माझ्या नोकरीचा बराच मोठा भाग एवढाच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे झूम आउट केल्यावर काहीही लहान होत नाही. नवीन मुलं कामाला लागतात तेव्हा त्यांनाही हे सांगावं लागतं. कॅडमध्ये 'स्केल' नावाची वेगळी आज्ञा असते. ती दिली तर वस्तू खरोखर लहान होते, तीन मीटरची भिंत दीड मीटरची होऊन बसते. झूममध्ये भिंत तीन मीटरचीच राहते, फक्त आपण लांबून पाहतो. डोंगरावरून गाव पाहिलं तर गावातली घरं काही आक्रसत नाहीत.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही ड्रॉइंग बोर्डावर काम करायचो. ५९४ बाय ४२० मिलिमीटरचा कागद, ड्राफ्टर, आणि शीट गुंडाळून ठेवायची ती लांब नळी. बसमध्ये ती नळी लोकांना लागायची आणि लोक आम्हाला बोलायचे. कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी प्रमाण ठरवावं लागे, एकास दहा की एकास शंभर. एकदा ठरवलं की बदलता येत नसे. एकास शंभरच्या कागदावर दाराची कडी काढायची म्हटली, तर नुसता पेन्सिलीचा ठिपका पडणार. कॅडनं ही अडचण काढून टाकली. तिथे सगळं खऱ्या मापात काढतात, एकास एक. प्रमाण लागतं ते कागदावर छापताना. काढणं आणि पाहणं या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

ही कल्पना ऑटोकॅडहून जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६३ साली पीएच.डी.च्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ हा त्यांचा कॉम्प्युटर खोलीभर पसरलेला होता. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ ओढायची, आणि एकूण चित्रातला कोणता भाग किती मोठा दिसावा हे टेबलाजवळच्या चार काळ्या गोल बटणांनी ठरवायचं. रेडिओचं स्टेशन लावतात तशी ती फिरवायची. आपल्या माउसच्या चाकाचे आजोबा म्हणजे ती बटणं.

आता भूमितीचे सर समोर बसले आहेत म्हणून सांगते. सर, दहावीला समरूप त्रिकोण शिकवताना मागच्या बाकावरून कायम एक प्रश्न यायचा, "सर, हे पुढं कुठं उपयोगी पडणार?" सर, माझा पगार त्यातूनच येतो. चित्र लहान-मोठं होताना कोन तेच राहायला हवेत, बाजूंची गुणोत्तरं तीच राहायला हवीत आणि माउसच्या टोकाखाली असलेला बिंदू जागचा हलता कामा नये. बाकी सगळं चित्र त्या बिंदूभोवती आकसायचं. कंपासचं टोक कागदात रोवलेलं असतं, तसा तो बिंदू. नाहीतर पाहणाऱ्याची नजर हरवते आणि तो आपण कुठे होतो ते शोधत बसतो.

शेकडेवारीचीही गंमत आहे. चाकाच्या एका खटक्याला चित्र २५ टक्के वाढवायचं, आणि उलट्या खटक्याला २५ टक्के कमी करायचं. ऐकायला बरोबर वाटतं की नाही? आता हिशोब करा. १०० चे १२५ झाले. १२५ मधून त्याचे २५ टक्के गेले की राहिले ९३.७५. म्हणजे एकदा आत जाऊन एकदा बाहेर आलो तर आपण जिथे होतो तिथे परत येतच नाही. असं दहा वेळा केलं तर चित्र जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणून बेरीज-वजाबाकी करायची नाही. आत जाताना सव्वानं गुणायचं आणि बाहेर येताना सव्वानंच भागायचं. मग कितीही वेळा आत-बाहेर करा, बरोबर मूळ जागी याल.

इथपर्यंत सगळं गणित आहे आणि गणितात वाद नसतो. खरा प्रश्न पुढे येतो. खूप लांब गेल्यावर बारीक वस्तूंचं काय करायचं?

समजा, ४०० मीटर लांबीचा एक कारखाना पूर्ण पडद्यावर आणला. साधारण पडद्यावर आडवे १,९२० ठिपके असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. भागाकार केला तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे २१ सेंटिमीटर येतात. म्हणजे एक वीट म्हणजे एक ठिपका. आणि १२ मिलिमीटरचा बोल्ट? त्याच्या वाट्याला ठिपक्याचा सतरावा भाग. कारखान्यात असे हजारो बोल्ट असतात. ते सगळे काढत बसलं तर कॉम्प्युटर अडखळतो, चाक फिरवल्यावर चित्र धक्के खात सरकतं. म्हणून सॉफ्टवेअर गाळणी लावतं. लांबून पाहताना वर्तुळाऐवजी थोड्या बाजूंचा बहुभुज काढून भागवतं. जुन्या ऑटोकॅडमध्ये झूम करून आत गेलं की चाकाचा अष्टकोन झालेला दिसायचा, तो यामुळेच. 'रीजन' ही आज्ञा दिली की पुन्हा गोल व्हायचा, आणि ड्रॉइंग मोठं असेल तर तेवढ्यात चहा पिऊन यायची सवड मिळायची. बारीक अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा काढतात. आणि जे ठिपक्याहूनही लहान, ते सोडून देतात.

हे 'सोडून देणं' कोणीतरी ठरवतं. कुठल्या मापाखालचं दाखवायचं नाही, हा आकडा प्रोग्रॅममध्ये कोणीतरी माणूस बसून लिहितो. आमच्या टीममध्ये यावर बरेच दिवस चर्चा चालू होती. वेग हवा असेल तर जास्त गाळा, सगळं दिसायला हवं असेल तर वेग सोडा. वापरणाऱ्यांचं मत घ्यावं म्हणून आम्ही काही अनुभवी ड्राफ्ट्समनना बोलावलं होतं. त्यांत एक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, उभं आयुष्य पाइपांची ड्रॉइंग काढण्यात घालवलेले. त्यांनी दोन्ही नमुने शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, वस्तू नीट दिसली नाही तरी चालेल. पण तिथं काहीतरी आहे एवढं कळलं पाहिजे. जागा मोकळी दिसली की माणूस तिथून पाइप घालतो."

सगळी चर्चा त्या वाक्यानं संपली. कागदावर जागा मोकळी दिसते म्हणून पाइप आखला जातो, साइटवर तो कशावर तरी जाऊन आपटतो, आणि मग कापाकापी, भांडणं, वाया गेलेले दिवस. त्यामुळे नियम असा ठरला की वस्तू कितीही बारीक होवो, एक ठिपका तरी उमटला पाहिजे. हजार बोल्टांचे हजार ठिपके नकोत, जवळजवळचे एकत्र करा, पण भरलेली जागा रिकामी दिसता कामा नये.

भूगोलाच्या बाई इथे असत्या तर म्हणाल्या असत्या, हे तर मी तुम्हाला शिकवलंच होतं. आणि खरंच शिकवलं होतं. बृहत्-प्रमाण नकाशा आणि लघु-प्रमाण नकाशा. आपला हमखास घोटाळा व्हायचा, कारण ज्यात जास्त प्रदेश मावतो तो लघु-प्रमाण. झूम आउट म्हणजे बृहत्-प्रमाणाकडून लघु-प्रमाणाकडे जाणं. बाईंनी सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलनिर्देशक नकाशा फळ्यावर टांगला होता, एकास ५०,००० चा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. आपल्याकडची सहा मीटर रुंदीची विहीर त्या प्रमाणात काढली, तर ०.१२ मिलिमीटर होईल, डोळ्याला दिसणारच नाही. तरी नकाशात विहिरीची खूण असते आणि चांगली ठसठशीत असते. नकाशा काढणाऱ्यांनी ठरवलं की बालाघाटच्या डोंगरात पाणी कुठे आहे हे चालणाऱ्याला कळलंच पाहिजे, मग विहीर मापात बसो की न बसो. म्हणजे लांबून पाहताना काय ठेवायचं ते वस्तूच्या आकारावरून ठरत नाही. ती किती गरजेची आहे यावरून ठरतं.

आता शेवटची तांत्रिक गोष्ट, मग मागणी. ऑटोकॅडमध्ये झेड, एंटर, ई, एंटर असं दाबलं, किंवा माउसचं चाक दोनदा पटापट दाबलं, की संपूर्ण ड्रॉइंग पडद्यावर मावेल इतकं झूम होतं. याला 'झूम एक्स्टेंट्स' म्हणतात. मी त्याला 'हद्दीपर्यंत' म्हणते. सॉफ्टवेअर सगळ्या वस्तूंची टोकं तपासतं, सगळ्यात डावीकडचं, उजवीकडचं, वरचं, खालचं, आणि त्यांच्याभोवती एक चौकट कल्पून ती पडद्यावर बसवतं. कधी असं होतं की हे दाबल्यावर सगळं ड्रॉइंग एका कोपऱ्यात मोहरीएवढं होऊन बसतं. नवशिक्यांना वाटतं फाइल बिघडली. फाइल बिघडलेली नसते. कुठेतरी खूप लांब एखादी रेघ पडून राहिलेली असते, आणि चौकट तिच्यापर्यंत ताणली जाते. हद्दीचा हिशोब भिडस्त नसतो. एक रेघ असली तरी ती मोजतो.

मात्र एका बाबतीत तो मोजत नाही. ड्रॉइंगमध्ये थर असतात, त्यांना लेअर म्हणतात. भिंतींचा एक, विजेच्या तारांचा एक, पाण्याच्या नळांचा एक. थर दोन तऱ्हांनी लपवता येतो. 'ऑफ' केला तर दिसत नाही, पण हद्दीच्या हिशोबात राहतो. 'फ्रीझ' केला, म्हणजे गोठवला, तर तो हिशोबातूनच जातो. मग कितीही झूम आउट करा, चौकट त्याच्यापर्यंत जात नाही. पडद्यावर सगळं नीटनेटकं, मध्यभागी, भरलेलं दिसतं. काही राहून गेलंय अशी शंकासुद्धा येत नाही.

मंडळी, आता आपल्या बॅचकडे येते.

आपल्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांची यादी करायचं काम चाललं आहे. संयोजकांनी फार कष्ट घेतले आहेत. तीस वर्षांनी एकेकाचा पत्ता शोधणं सोपं नाही. कोणी सुरतला, कोणी दुबईला, कोणाचं लग्नानंतर नाव बदललेलं. त्यांच्या मेहनतीला माझा नमस्कार. आपल्या ग्रुपवर अशीही मंडळी आहेत जी कधी काही लिहीत नाहीत, 'गुड मॉर्निंग'लासुद्धा उत्तर देत नाहीत. ती ऑफ केलेल्या थरासारखी आहेत. बोलत नाहीत, पण मोजली जातात. त्यांची मला काळजी नाही.

माझं म्हणणं यादीच्या मुळाबद्दल आहे. ही यादी १९९६ च्या दहावीच्या निकालावरून केली आहे. 'बॅच' म्हटलं की आपण तेच धरतो. पण आपण या शाळेत दहावीत आलो नव्हतो. आपण पाचवीत आलो होतो. पाचवीत आपल्या तीन तुकड्या होत्या. दहावीत दोन राहिल्या. एक तुकडीभर मुलं-मुली मधल्या पाच वर्षांत कुठे गेल्या, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलं आहे का?

काहींच्या वडिलांची बदली झाली, ती दुसऱ्या शाळांत शिकली. पण सगळ्यांची गोष्ट तशी नाही. आपल्या भागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायची. त्या मुलांच्या नावापुढे हजेरीपटावर गैरहजेरीची रांग लागायची. वर्गशिक्षकांनी पुष्कळ समजावलं, काही मुलांना नातेवाइकांकडे ठेवायला लावलं, हे मला माहीत आहे. तरी दर जूनला दोन-चार नावं कमी झालेली असायची. मुलींचं तर आणखी लवकर. सहावीपर्यंत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण सातवीनंतर आली नाही. तिला न विचारता तिचं नाव मी इथे घेणार नाही. पण कंपासचं टोक न घसरू देता वर्तुळ पुरं कसं करायचं, हे मला तिनं दाखवलं. वर्गात तिच्याइतकी स्वच्छ आकृती कोणाची नसायची. आणि आपल्या यादीत ती नाही. चुकून राहिली असं नाही. यादी जिथून सुरू होते तिथे ती नव्हतीच. हा गोठवलेला थर आहे. यादी कितीही बारकाईनं तपासली तरी त्यात कोणी राहिलंय असं दिसणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. यादी दहावीच्या निकालावरून न करता पाचवीच्या प्रवेशापासून, शाळेच्या जनरल रजिस्टरवरून करावी. जो मुलगा किंवा जी मुलगी या शाळेत आपल्याबरोबर बसली, ती आपल्या बॅचची, मग ती एक वर्ष बसलेली असो की सहा. शाळा सोडल्याची नोंदही त्याच रजिस्टरमध्ये असते. मुख्याध्यापक इथे आहेत. त्यांनी परवानगी दिली तर चार-पाच जणांनी दोन रविवार बसलं तरी काम होईल. मी येईन. पुण्याहून पहाटेची गाडी धरेन.

तीन पथ्यं मात्र पाळायला हवीत. पहिलं, ज्यांचा पत्ता लागेल त्यांना आधी विचारायचं. नको म्हणाले तर नाव छापायचं नाही. दुसरं, नावापुढे 'शाळा सोडली' असला शेरा नको. आपल्या नावांपुढे पदव्या आणि हुद्देही नकोत. नुसती नावं, पाचवीच्या हजेरीच्या क्रमानं. तिसरं, ज्यांचा पत्ता लागणार नाही, त्यांच्या जागी यादीत एक ठिपका ठेवायचा. म्हणजे पाहणाऱ्याला कळेल की ही जागा रिकामी नाही.

कोणी म्हणेल, इतक्या वर्षांनी यातून काय साधणार? मला यातलं एक तरी व्यवहारात दिसतं. आपण शाळेला निधी देणार आहोत. वर्गखोल्या, कॉम्प्युटर, प्रोजेक्टर यांची चर्चा झाली, ते सगळं हवंच आहे. पण निकालाची यादी समोर ठेवून निधी ठरवला, तर दहावीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलांना काय लागतं तेवढंच सुचणार. रजिस्टर समोर ठेवून बसलो, तर कोणत्या इयत्तेनंतर, कोणत्या महिन्यात, कोणत्या वस्तीवरची मुलं गळतात ते दिसेल. मग कदाचित आपण म्हणू, एक प्रोजेक्टर कमी घेऊ आणि ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करू. काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवू. पण आधी चौकट तिथपर्यंत न्यायला हवी.

आणखी एक सांगते आणि थांबते. ऑटोकॅडमध्ये गोठवलेला थर परत आणायला फार काही लागत नाही. थरांची यादी उघडायची आणि त्याच्या नावापुढच्या बर्फाच्या खुणेवर एकदा क्लिक करायचं, की तिथे सूर्य उगवतो. खरंच तशी खूण आहे, माझी कल्पना नाही. आपल्या बाबतीत ते एका क्लिकचं काम नाही, दोन रविवारांचं आहे. जनरल रजिस्टर कार्यालयातल्या कपाटात आहे. कोण कोण येणार, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला नावं द्या.